किलोला साडेचार रुपये

थोडं मोठं लिहितोय. आत्ता जमत नसेल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा, पण वाचा. पाऊस तोंडावर आलाय आणि विषय आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे.

मला ओळखणारे ओळखतात. १९९३ पासून टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आधी ब्लॅक अँड व्हाइट, मग कलर, मग एलईडी. आता दिवसभरात दोन मिक्सर येतात, एखादा रिमोट येतो आणि बाकीचा वेळ पेपर वाचण्यात जातो. गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला, "पप्पा, मोबाइलचं काम सुरू करू या, तेवढा माळा रिकामा करा."

माळ्यावर चढलो. चौदा टीव्ही निघाले. सगळे पिक्चर ट्यूबचे. "दोन दिवसांत घेऊन जातो" म्हणून ठेवून गेलेली माणसं परत आलीच नाहीत. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. नाव, तारीख, अॅडव्हान्स पन्नास रुपये. दोघं-तिघं तर आता या जगातही नाहीत.

एरवी मी काय केलं असतं? मामांना हाक मारली असती. मामा म्हणजे आमचे भंगारवाले. खरं नाव लिहीत नाही, त्यांना नको त्या चौकशीला तोंड द्यावं लागायला नको. पंचवीस वर्षं तरी त्यांची हातगाडी माझ्या दारात थांबते. जळालेले बोर्ड, तुटलेल्या वायरी, निकामी ट्रान्सफॉर्मर, सगळं तेच नेतात. काटा सरळ धरतात, पैसे रोख देतात. माझ्या धंद्यातली सगळी घाण इतकी वर्षं मामांनी उचलली, असं म्हणलं तरी चालेल.

ती घाण पुढं कुठं जाते, हे मी एकदाच बघितलं. २०१६ ची दिवाळी. चुकून एक चांगला बोर्ड भंगारात गेला होता, तो शोधायला मामांच्या घरी गेलो. ओढ्याच्या कडेला पत्र्याची दोन खोल्यांची जागा. बाहेर त्यांची सून वायरीचा ढीग जाळत बसलेली. काळा, घशात खवखवणारा धूर. कडेवर दीड वर्षाचं पोरगं. ढिगात एक पिवळी वायर दिसली. आदल्या आठवड्यात मीच एका स्टॅबिलायझरमधून काढून दिलेली.

मी म्हणालो, "मामा, हे जाळू नका हो. पोराला त्रास होईल."

मामा हसले. "जाळल्याबिगर तांबं सुटतंय का, दादा? सोलत बसलो तर दिवसाला चहाचं पैसं निघायचं न्हाईत."

मला पुढं बोलता आलं नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. त्या धुरात काय असतं हे मला माहीत होतं. जुन्या वायरीच्या प्लास्टिकमध्ये शिशाचे क्षार मिसळलेले असत. ते प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, उघड्यावर जाळलं की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. आम्ही आयुष्यभर वापरलेलं सोल्डर म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर जातं, आणि मुलांसाठी त्याची सुरक्षित अशी कुठलीही पातळी सापडलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

खरं सांगतो, त्यानंतर महिनाभर मी मामांना वायरी दिल्या नाहीत. मग परत दिल्या. कारण दुसरं कुणी न्यायला येतच नव्हतं, आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. तो आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. आमच्या पेठेत आठवडाभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर मी पंधरा दिवस घरोघरी फिरलो. लोक आशेनं विचारायचे, "बघा की, सुरू होतंय का?" किटमध्ये गाळ बसलेला असायचा. मी मान हलवली की माणसं तो टीव्ही, फ्रिज, मिक्सर उचलून रस्त्यावर ठेवायची. गाद्या, धान्य, पुस्तकं, चिखल आणि त्यातच टीव्ही, असा दाराबाहेर एकच ढीग. ट्रॉल्या आल्या आणि सगळं एकत्र भरून कचरा डेपोवर घेऊन गेल्या. पुढं कितीतरी दिवस तिकडून धूर दिसायचा. फ्रिजच्या नळ्या कापल्या की आतला गॅस फुस्स करून हवेत जातो, तोही मी रस्त्यात उभा राहून ऐकला. त्या वेळी कुणालाच दोष देता येत नव्हता. माणसं जगली, हेच पुष्कळ होतं. पण २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं आणि पुन्हा सगळं तसंच झालं. दोन वर्षांत आपण त्यातून काहीच शिकलो नव्हतो.

म्हणून या वेळी माळ्यावरचे चौदा टीव्ही बघून ठरवलं, की एकदा तरी हे काम नियमाप्रमाणे करून बघायचं.

पहिला फोन एका कंपनीच्या टोल फ्री नंबरवर. बाई गोड बोलल्या. आमच्याच कंपनीचा टीव्ही असेल तर घेऊ, म्हणाल्या. चौदापैकी त्यांचे निघाले दोन. बाकीच्यांतल्या चार कंपन्या तर आता धंद्यातच नाहीत. नियमात अशा बेवारस मालाला अनाथ वस्तू म्हणतात. शब्द मात्र अगदी बरोबर निवडलाय.

दुसरा फोन एका नोंदणीकृत रिसायकलरला. ते म्हणाले, "साहेब, चौदा टीव्हीसाठी एवढ्या लांब गाडी परवडत नाही. पाचशे किलोच्या वर जमवा, मग पाठवतो." त्यांचंही चूक नाही. डिझेल त्यांनाही विकतच घ्यावं लागतं.

तिसरी खेप आपल्या पालिकेच्या कार्यालयात. तिथला क्लार्क भला माणूस. त्याने चहा पाजला आणि सांगितलं, "वर्षातून एकदा मोहीम असते, तेव्हा आणा." ती कधी असते? "झाली की मागच्या महिन्यात."

मग मी घरी येऊन नियम वाचायला घेतले. मुलानं मोबाइलवर काढून दिले. जे समजलं ते तुम्हाला साध्या भाषेत सांगतो.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम नाहीत असं अजिबात नाही. पहिले २०११ ला निघाले आणि १ मे २०१२ ला लागू झाले. दुसरे २०१६ चे. तिसरे २ नोव्हेंबर २०२२ ला निघाले, ते १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. २०१६ च्या यादीत २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०६ आहेत.

सूत्र असं आहे. ज्यानं वस्तू विकून पैसे मिळवले, त्यानंच तिच्या शेवटाचा खर्च सोसायचा. याला ईपीआर म्हणतात, म्हणजे उत्पादकाची विस्तारित जबाबदारी. समजा एका वस्तूचं आयुष्य दहा वर्षं धरलं आणि कंपनीनं दहा वर्षांपूर्वी हजार टन माल विकला, तर यंदा त्यातला ठरावीक हिस्सा रिसायकल झाल्याचं तिनं दाखवायचं. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी हा हिस्सा ६० टक्के, पुढची दोन वर्षं ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के.

आता कंपनी काही टीव्ही फोडत बसत नाही. ती रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेते. रिसायकलरनं किती धातू परत मिळवला, त्यावरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर ही प्रमाणपत्रं तयार होतात. धातू चार: सोनं, तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड. माझ्या माळ्यावरच्या टीव्हीचं साधारण निम्मं वजन काचेचं, आणि त्या काचेत शिसं. या चारांत ना काच आहे, ना शिसं. म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त भीती बाळगायला हवी, त्याचंच प्रमाणपत्र निघत नाही.

प्रमाणपत्रं कवडीमोलानं विकली जाऊ लागली तर खरं रिसायकलिंग करणारा बुडेल, म्हणून २०२४ मध्ये सरकारनं किमान दर बांधून दिला. घरगुती उपकरणांसाठी किलोला २२ रुपये, स्मार्टफोनसाठी ३४. त्याविरुद्ध काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की हा दर फार आहे आणि खर्च गिऱ्हाइकावर पडेल. हा २२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

नवीन नियमांत नोंदणी कुणाची? वस्तू बनवणाऱ्याची, ती आपल्या नावानं विकणाऱ्याची, दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्याची आणि रिसायकलरची. चारच जण. आधीच्या नियमांत संकलन केंद्रं तरी ठळक होती, आता तीही या चौकटीबाहेर गेली. घर आणि रिसायकलर यांच्यामध्ये जो माणूस दार वाजवतो, त्याला या सगळ्यात जागाच नाही. आणि माल तर त्याच्याच गाडीवर आहे. तो बोर्ड विकतो, ते हात बदलत दिल्लीच्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला पोचतात, आणि तिथं दुसरं कुणीतरी तेजाबाच्या बादलीत हात घालून सोनं-तांबं काढतं. नोंदणीकृत कारखाना माल मिळत नाही म्हणून रडतो आणि ओढ्याकाठी मामांची सून वायर जाळते. जगातही फार वेगळं नाही. २०२२ मध्ये जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो.

मग मी काय केलं ते सांगतो.

मामांना दुकानात बसवलं, चहा मागवला. म्हणालो, "मामा, या वेळी काहीच फोडायचं नाही. मी पाच दुकानदारांशी बोलतो. तुम्ही फक्त गोळा करून माझ्या शटरमध्ये आणा. जे मिळेल ते तुमचं."

मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आन् कमी पडलं तर?"

तीन आठवड्यांत सहा दुकानांतून एकतीस टीव्ही, दोन पिंप बोर्ड, जुने सीपीयू, स्टॅबिलायझर, वायरी, असं ७८० किलो जमलं. रिसायकलरची गाडी आली. काटा झाला, पावती झाली. बोर्डाचे आणि तांब्याचे पैसे मिळाले, ट्यूब आणि गाडी यांचा खर्च त्यातून वजा झाला. हातात आले ११,९०० रुपये.

मामांना हिशोब कागदावर करावा लागत नाही. फोडून, जाळून, कॉईल वेगळी काढून विकलं असतं तर १५,५०० सुटले असते, असं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखतो, आकडा खरा असणार. फरक ३,६०० चा. आम्ही सहा दुकानदारांनी सहाशे-सहाशे काढले आणि मामांना १५,५०० पुरे करून दिले.

आता भाग द्या. ३,६०० भागिले ७८०. किलोला साडेचार रुपयांच्या जरा वर.

एवढाच फरक. एका बाजूला विषारी धूर, ओढ्यात फेकलेली शिशाची काच, पोराच्या अंगात जाणारं शिसं. दुसऱ्या बाजूला नीट काटा, पावती आणि कारखाना. मामांना रस्ता बदलायला किलोमागं लागले साडेचार रुपये. आणि वर, त्याच किलोच्या नावानं कंपनीनं किमान २२ रुपये मोजावेत असं सरकार म्हणतं. ही तुलना अगदी काट्यावर बसत नाही, हे मला कळतं. प्रमाणपत्राचं वजन धातूवरून काढतात आणि रिसायकलरला यंत्रं, धुराची गाळणी, कामगार हे सगळे खर्च असतात. तरीही ढोबळ गोष्ट उरतेच. पैसा व्यवस्थेत येतो, पण तो रिसायकलरच्या फाटकापाशी थांबतो. तिथून खाली मामांपर्यंत यायला त्याला वाटच ठेवलेली नाही.

आम्ही एकदा सहाशे रुपये काढले. दर महिन्याला काढणार नाही, काढूही शकणार नाही. चांगुलपणावर एक गाडी जाते. दुसरी गाडी जायला व्यवस्था लागते.

कुणी म्हणेल, भंगारवाल्यांवर कारवाई करा, बंदी घाला. घालून बघा. मामा उद्या रात्री जाळतील, अजून लांब जाऊन जाळतील, एवढंच होईल. ज्याच्याकडे जीएसटी नंबर नाही, गोडाऊन नाही, त्याच्याकडून घेतलेला माल वहीत कसा दाखवायचा, हा प्रश्न रिसायकलरलाही आहे. तो कागदाचा प्रश्न आहे आणि कागदाचे प्रश्न सुटतात. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ ला उभी राहिली. त्यातून स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था झाली, महापालिकेबरोबर करार झाला, ओळखपत्रं मिळाली. ज्या बायकांना लोक दारात उभं करत नव्हते, त्या आज घरोघरचा कचरा हक्कानं गोळा करतात. तिथंही अडचणी आहेत, भांडणं आहेत. पण गोळा करणाऱ्या माणसाला व्यवस्थेत बसवता येतं, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालंय.

शिवाय २०२२ च्या नियमांतच लिहिलंय. शेवटी एक अनुसूची आहे, सहसा कुणी तिथपर्यंत वाचत नाही. नागरी आणि ग्रामीण स्थानिक संस्थांनी साध्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा करून नोंदणीकृत रिसायकलरकडे पोचवायचा. अनाथ वस्तू गोळा करायच्या. संकलनाची सोय उभी करायला मदत करायची. आणि सुट्या भागांचं, रिसायकलिंगचं काम करणाऱ्या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणी हे राज्य सरकारकडे दिलंय. म्हणजे मी काही नवीन मागत नाहीये. लिहिलेलं आहे तेवढंच करा म्हणतोय.

तर आपल्या नगरसेवकांना आणि पालिकेला माझं जाहीर सांगणं आहे. तीनच गोष्टी.

एक. वर्षातून एकदा फोटोपुरती मोहीम नको. प्रत्येक वॉर्डात एक ठरलेली जागा, महिन्यातला एक ठरलेला रविवार. शाळेची रिकामी खोलीही चालेल.

दोन. गावातल्या भंगारवाल्यांची यादी करा, त्यांना ओळखपत्र द्या आणि न फोडता, न जाळता आणलेल्या मालावर किलोमागं ठरावीक रक्कम द्या. ती पालिकेनं खिशातून घालायची गरज नाही. ज्या रिसायकलरला माल देणार, त्याच्याशी करार करतानाच ती रक्कम अटीत घाला. आमचा अनुभव साडेचारचा आहे. पाच धरा.

तीन, आणि हे सगळ्यात तातडीचं. मे संपत आलाय. पूर आराखड्याच्या बैठका सुरू असतील. बोटी, निवारा, औषधं याच्याबरोबर एक ओळ वाढवा: पाणी उतरल्यावर बिघडलेली विजेची उपकरणं वेगळ्या ट्रॉलीत. जागा आधी ठरवा, रिसायकलरचा नंबर आधी घेऊन ठेवा. चिखलात उभं राहून हे सुचत नाही, मी स्वतः दोनदा उभा राहिलोय.

आणि आपण घरच्यांनी? टीव्ही फोडू नका, वायर काढून घेऊ नका, आहे तसा अख्खा द्या. फुगलेली मोबाइलची बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीत पेट घेते. आणि टाकण्याआधी एकदा दुरुस्त होतंय का बघा. आता माझ्या धंद्याची जाहिरात केली म्हणा हवं तर.

परवा मामा दुकानात आले होते. बरोबर नातू. तोच, कडेवरचा. आता शाळेत जातो. मी त्याला एका जुन्या रेडिओचं मागचं झाकण उघडून आतलं दाखवलं. त्यानं विचारलं, "ह्यातलं सोनं कुठाय?" मी आणि मामांनी एकमेकांकडं बघितलं. एवढ्याशा पोराला हे कुठून माहीत असणार, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

जाताना मामा म्हणाले, "दादा, पुढची गाडी कवा?"

मी म्हणालो, बघतो. पालिकेला अर्ज दिलाय, पोच घेतलीय. आपल्या गल्लीतून, सोसायटीतून अजून दहा-वीस अर्ज गेले तर बरं होईल. अर्जाचा नमुना दुकानात ठेवलाय, येऊन घेऊन जा. पटलं तर चार लोकांना पाठवा. नाही पटलं तर चहाला या, बसून बोलू.